तेल लावून काढलेल्या बांगड्या

गेल्या आठवड्यात माझ्या भावजयीनं आमच्या घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. बेबी ऑईलचे घरगुती उपयोग. एक गोरीगोमटी पोरगी, मागं चकचकीत स्वयंपाकघर, हातात बाटली. नव्या स्टीलच्या डब्यावरचं स्टिकर निघत नसेल तर दोन थेंब चोळा म्हणे. बॅगेची चेन अडकली तर लावा. टाचांना भेगा पडल्या तर झोपताना लावून मोजे घाला. आणि शेवटी हसत हसत तिनं हाताला घट्ट बसलेली बांगडी तेल लावून सटकन काढून दाखवली. भावजयीनं खाली लिहिलं होतं, लई उपयोगी आहे, आक्का तुम्हाला तर माहीतच असेल. पुढं दोन हात जोडलेले.

मला माहीतच असेल! डोक्यात अशी तिडीक गेली की मोबाईल ओट्यावर आपटला. ही बाई त्या दिवशी तिथं दारात उभी होती. सगळं डोळ्यांनी बघितलंय तिनं. विसरली म्हणावं, तर असलं कुणी विसरतं का? आणि विसरली नसेल तर मग या बाईला काय म्हणायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

मी सोलापुरात पार्लर चालवते. पार्लर म्हणजे काय, घराची पुढची खोली. एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा, वॅक्सिंगला एक अरुंद पलंग. बेबी ऑईल आमच्या घरातलं एक माणूसच आहे म्हणा. वॅक्सची पट्टी ओढली की कातडीवर चिकटा राहतो, तो पाण्यानं जात नाही, तेलाच्या बोळ्यानं जातो. नवरीच्या तोंडावर थापलेला मेकअप, रंगपंचमीला कानामागं बसलेला पक्का रंग, सगळं त्याच बोळ्यानं. बायकांना आरशावर टिकल्या चिकटवायची भारी खोड. टिकली जाते, डिंक राहतो. तोही तेलानंच. दाराची बिजागरी कुरकुरली, घाल थेंब. आमच्या बोअरच्या पाण्यानं नळ पांढरे पडतात, ते घासून कोरडे करायचे आणि वरून तेलाचा हात फिरवायचा, दोन-चार दिवस तरी नव्यासारखे दिसतात. फक्त फरशीवर सांडू द्यायचं नाही. एकदा माझा नवरा त्यावरून असा आपटला की महिनाभर कंबर धरून चालत होता आणि महिनाभर मला ऐकवत होता.

अंगाला लावायचं तर आंघोळ झाल्या झाल्या, अंग ओलं असतानाच. सोलापूरच्या उन्हाळ्यात कातडीचा पापड होतो. कोरड्या अंगावर लावलं तर नुसती चिपचिप, आणि वर धूळ बसते ती वेगळीच. गिऱ्हाइकांना हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. मला शिकवायला निघालीय व्हिडिओवरची पोरगी.

आता बांगड्यांचं सांगते, कारण सगळं तिथंच येतं.

माझं माहेर सांगोल्याच्या अंगाला. तिकडं बांगडी घट्टच पाहिजे. कासारीण, म्हणजे बांगड्या भरणारी बाई, हाताची हाडं दाबून, अंगठा आत मुडपून अशा काही बांगड्या चढवते की डोळ्यांत पाणी येतं. पण जितकं माप लहान तितका बाईचा हात मऊ, तितकं चारचौघींत कौतुक. ढिली बांगडी घालणारी बाई वेंधळी. हातातून गळून पडली तर मग काय, नवऱ्याच्या जिवाशीच गाठ. माझी आई सव्वादोनच्या मापाच्या घालायची. सव्वादोन म्हणजे लग्नाच्या पोरीचं माप. रानात खुरपून, शेणामातीत राबून तिच्या हातांचे पंजे बाप्यासारखे झाले, तरी माप तेच. मनगटात बांगड्या रुतलेल्या असायच्या. मी म्हणायची, अगं अडीचच्या घाल की. तर म्हणायची, अडीचच्या काय, म्हशीला घालत्यात व्हय? मला पण तिनं तसल्याच घालायला लावल्या. आज पन्नाशी उलटली तरी मी सव्वादोनच्याच घालत होते. परवापर्यंत.

वडलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते आईसकट माझ्याकडं सोलापूरला आले. दवाखाना जवळ, म्हणून. भाऊ म्हणाला, आठवडाभर ठेव, फवारणी उरकली की नेतो. डाळिंबाची फवारणी कधी उरकते का? एक झाली की दुसरी. वडील माझ्याकडं दोन उन्हाळे झोपून होते. मी काही उपकार केले नाहीत, माझेच वडील होते. पण आठवडाभर म्हणजे किती, हे भावाला मी एकदाही विचारलं नाही आणि त्यानंही एकदाही सांगितलं नाही. भावजय सणाला यायची, सासऱ्याच्या पायाला हात लावायची आणि खोलीत वास येतोय का बघत नाक उडवायची.

वास येत नव्हता. मी येऊ देत नव्हते. वडलांना रोज कोमट पाण्यानं पुसायचं आणि कातडी ओली असतानाच बेबी ऑईलचा हात फिरवायचा. पाठ, टाचा, कोपरं. त्यांची कातडी कांद्याच्या पातीसारखी पातळ झाली होती, जोरात चोळलं तर निघून येईल अशी. दवाखान्यात लावलेली चिकटपट्टी काढताना पण आधी कडेनं तेल सोडायचं, मग हळू सोडवायची. ते बोलू शकत नव्हते. तेल लावताना डोळे मिटून घ्यायचे, एवढंच.

आई शेजारी बसून त्यांचे पाय धरायची आणि माझं काम बघायची. पार्लरमध्ये पण बघायची. एकदा एक नवी नवरी आली, हात सुजलेला, बांगड्या कातडीत गेलेल्या. मी तेल सोडलं, हात वर धरायला लावला, सूज जरा उतरू दिली, आणि एकेक बांगडी फिरवत फिरवत काढली. एकही पिचली नाही. आई पडद्याआडून बघत होती.

त्याच दुपारी वडलांच्या टाचेला तेल लावताना ती म्हणाली, "माझ्या फोडू दिऊ नगं. अशाच काढ तू. त्येल लावून, तुझ्या हातानं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी तिच्यावर ओरडले. नवरा जिवंत समोर पडलाय आणि काय बोलतेस? ती शांतपणे सांगत राहिली. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा गेला तेव्हा ही लहान होती. दगडानं बांगड्या फोडल्या, काच मनगटात घुसली, जखम चिघळली. बहीण तो हात पदराखाली झाकून भाकरी थापायची, कारण दुखतंय म्हणायची सोय नव्हती. नवरा गेलेल्या बाईनं हात दुखतोय म्हणायचं म्हणजे लाज. आईला नवऱ्यामागं जगायची भीती नव्हती. तिला त्या दगडाची भीती होती. एवढं एकच मागितलं तिनं माझ्याकडं, आणि माझ्यासारख्या बाईला त्यात अवघड ते काय? रोजचंच काम होतं माझं. मी व्हय म्हणाले.

वडील पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर सकाळी गेले. गावी न्यायचं ठरलं. गाडीत बसताना मी बाटली पर्समध्ये टाकली. सोलापुरातच काढू का म्हणून आईला विचारलं, तर तिनं मान हलवली. त्यांना आंघोळ घालेपर्यंत राहू दे म्हणाली. गाडीत सगळा रस्ताभर ती आपल्या हातांकडं बघत होती.

आमच्याकडं मयताला आंघोळ घालून ताटीवर बांधतात, आणि उचलायच्या आधी बायका बांगड्या फोडतात. अंगणात वडलांना आंघोळ घालत होते तेव्हा मी आईला मागच्या खोलीत घेऊन गेले. दार ढकललं. तिला खाटेवर बसवलं, हात वर धरायला लावले आणि तेल सोडलं. बाहेर रडारड चाललेली. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली. मी फिरवली, दाबली, परत तेल सोडलं, आणि ती आली. मग एकेक सगळ्या आल्या. हिरव्या, वर सोनेरी टिपका असलेल्या. दोन्ही हात मोकळे झाले. जिथं बांगड्या रुतलेल्या असायच्या तिथं कातडी पांढरी, लहान पोराच्या अंगासारखी. आईनं त्यावरून बोट फिरवलं.

"दुखलं न्हाय गं," ती म्हणाली. तिला नवल वाटत होतं.

मी बांगड्या ओढणीत गुंडाळल्या. खोटं कशाला सांगू, बाप अंगणात मेलेला आणि मला त्या घटकेला बरं वाटत होतं. मी शब्द पाळला होता.

आईला अंगणात आणलं. आत्या, म्हणजे वडलांची थोरली बहीण, दगड घेऊन बसलेलीच होती. तिनं आईचा हात धरला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. हातात काहीच नव्हतं. कुणी काढल्या म्हणून विचारलं. मी म्हणाले, मी काढल्या. हात मोकळे झालेत, आता काय राहिलं?

माझी चूक काय झाली सांगू? मला वाटलं, यांना मोकळे हात पाहिजेत. इतकी वर्षं बायकांच्या हातात बांगड्या घालते, काढते, म्हणून वाटलं की बांगडी निघाली म्हणजे काम झालं. त्यांना मोकळे हात नको होते. त्यांना फोडणं पाहिजे होतं. आत्या म्हणाली, बांगड्या काढायच्या नसतात, त्याच्या नावाच्या बांगड्या साबूत राहिल्या तर तो वाटेतच अडकून पडेल. बाकीच्या बायका माना हलवायला लागल्या. एकजण म्हणाली, पार्लरवाल्या झाल्यात, त्यांना काय. मी म्हणाले, मी या बांगड्या दगडावर ठेवून फोडते, चला. फोडायच्याच आहेत ना? तर तसंही चालत नाही. हातातच फुटल्या पाहिजेत.

मी बांगड्या द्यायला तयार नव्हते. आत्या उठायला तयार नव्हती. ताटी बांधून तयार, पुरुष खोळंबलेले. कुणीतरी भावाला बोलावलं. मी मनात म्हटलं, आता हा तरी बोलेल. शिकलेला आहे, गावात चार लोक ऐकतात त्याचं. त्यानं माझ्याकडं बघितलं, आईकडं नाही. हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं बोलला.

"आक्का, तुझं पार्लर तिकडं सोलापुरात. हितं मला दिवस काढायचेत. घाल परत आनि उरक."

मी दोन उन्हाळे बापाचं अंग पुसत होते तेव्हा या माणसाला एक दिवस काढायला सवड नव्हती, आणि आता याला दिवस काढायचे होते. भावजय दारात पाण्याची कळशी घेऊन उभी होती. तिच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या.

मी बांगड्या घट्ट धरून उभी. तेवढ्यात आईनं माझ्यापुढं हात केला.

"आन ती बाटली."

मी दिली नाही. तिनं माझ्या पर्समधून स्वतः काढली. तळहातावर तेल ओतलं, दोन्ही हातांना चोळलं, माझ्या ओढणीतली एकेक बांगडी घेतली आणि आपल्या हातानं चढवली. सव्वादोनच्या बांगड्या, ज्या भरताना कासारीण घामाघूम व्हायची, त्या सुळसुळ चढल्या. जन्मात कधी इतक्या सहज चढल्या नसतील. सगळ्या घालून झाल्यावर तिनं हात आत्यापुढं धरले. एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मला वाचवत होती का मुलाला, हे मला माहीत नाही. मला वाटतं, मुलालाच.

आणि तेलानं काय केलं ते ऐका. आत्यानं पहिला घाव घातला, दगड तेलकट बांगडीवरून घसरला आणि थेट मनगटाच्या हाडावर बसला. दुसऱ्या घावाला बांगड्या फुटल्या आणि काच त्याच जागी आत गेली. आत्याचा हात पण घसरत होता, म्हणून तिनं जोर वाढवला. आई ओरडली नाही. रक्त आणि तेल एकात एक होऊन कोपरापर्यंत ओघळलं, आणि त्याला लहान बाळाच्या अंगाचा वास येत होता. त्या दिवसापासून मी बिनवासाचं तेल आणते.

मग कपाळावरचं कुंकू पुसलं. खालचा गोंदणाचा हिरवा ठिपका मात्र राहिला. तो कशानं निघत नाही, नाहीतर तोही काढला असता. मग आत्यानंच जखमेत हळद दाबली आणि आईला मिठी मारून मोठ्यानं रडायला लागली. खरं रडत होती. भाऊ गेला होता तिचा. पदर सरकला तेव्हा तिच्या मनगटावर जुना वण दिसला, तिरपा, अगदी त्याच जागी. माझी मुलगी म्हणते, मम्मी, आत्याआजीची तरी कीव कर. मला येत नाही कीव. ज्या हाताला कळतं तो हात दगड कसा उचलतो, हे मला कुणीतरी समजावून सांगा, मग करते मी कीव.

दिवसकार्य झालं आणि मी आईला सोलापूरला घेऊन आले. भाऊ म्हणाला, राहू दे की इथं. आई म्हणाली, डोळे दाखवायचेत. डोळे तिचे ठणठणीत आहेत. जखमेची पट्टी मी कडेनं तेल सोडून काढायची, जशी वडलांची काढायची. जखम भरली, पण तेल चोळताना एक दिवस बोटाला कातडीखाली खडा लागला. डॉक्टरनं चीर देऊन काढला. हिरव्या काचेचा कण होता. आईनं तो बघायला मागितला नाही. तिनं त्या दिवसाबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही, आणि मला वाटायचं, तिनं ते मागं टाकलं.

भावजयीच्या व्हिडिओला मी लांबलचक उत्तर लिहिलं होतं. त्यात सगळं होतं, दगड, कळशी, सगळं. मग पुसलं. भावाच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि आत्ता मी तोंड उघडलं तर आक्कानं लग्नात घाण केली म्हणतील. शेवटी अंगठा टाकला. तिनं लगेच गुलाबाचं फूल टाकलं.

त्याच लग्नासाठी परवा कासारीण घरी आली होती. आमच्या गल्लीत नेहमी येते तीच. नवरा कोचावर चहा पीत पेपर वाचत होता. आई आतल्या दाराशी, उंबऱ्याच्या पलीकडं बसली होती. बांगड्या भरताना ती आता बाहेर येत नाही. सख्ख्या नातीच्या हळदीलाही ती अशीच मागं कुठंतरी बसणार आहे, आणि तिला मागं बस असं कुणाला सांगावंही लागणार नाही. कासारणीनं माझा हात हातात घेतला, दाबून बघितला आणि सव्वादोनच्या हिरव्या बांगड्यांची डबी उघडली. मी तेलाच्या बाटलीकडं हात केला.

तेवढ्यात आतून आई म्हणाली, "तिला अडीचच्या घाल."

कासारीण हसली. म्हणाली, अहो आजी, अडीचच्या कोपरापर्यंत जातील, हात झटकला तर पडतील, सवाष्ण बाईच्या हातात अशा शोभतात का? आईनं तिचं सगळं ऐकून घेतलं. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि डाव्या हाताचा अंगठा मनगटावरच्या वणावर.

"ढिल्याच घाल," ती म्हणाली. "त्येल न लावता निगत्याल अशा."

कासारणीनं माझ्याकडं बघितलं, मग कोचावर बसलेल्या माझ्या नवऱ्याकडं. त्यानं पेपर खाली केला नाही, पण पान उलटणंही थांबलं. मी बाटली परत फळीवर ठेवली आणि हात पुढं केला. कासारणीनं सव्वादोनची डबी मिटली आणि मुकाट्यानं अडीचची उघडली.